एक नोटीस, दोन बंदुका: निवडणुकीतल्या शस्त्रजमेचं एक प्रकरण

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, त्यातलं हे एक प्रकरण आमच्या क्लबमध्ये घडलेलं आहे. माणसांची नावं बदलली आहेत, जिल्ह्याचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. तारखा आणि कागद मात्र जसे होते तसे आहेत. मी क्लबचा सचिव म्हणून यात पहिल्या दिवसापासून होतो. काही निर्णय माझेच होते आणि त्यातला एक चुकला.

पार्श्वभूमी

आमचा रायफल क्लब सह्याद्रीच्या कडेच्या एका तालुक्याच्या गावी आहे. दहा मीटरच्या बारा लेन आणि पन्नास मीटरच्या चार. १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं, त्यानंतर महिनाभर आमच्याकडे चौकशीला येणाऱ्या पालकांची रांग हटत नव्हती. राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकच्या पोडियमवर चढतो म्हटल्यावर आमच्या भागातल्या प्रत्येक घराला वाटलं, आपल्याही पोराला जमेल. आम्ही सगळ्यांना एअर रायफल हातात दिली. साडेचार मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. नोंद आणि ओळखपत्र पुरतं.

अडचण सुरू होते ती पन्नास मीटरला. तिथे पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची नळीची, काडतुसाची रायफल लागते आणि तिथून पुढे हा खेळ मैदानात जितका, तितकाच शस्त्र परवाने बघणाऱ्या जिल्हाधिकारी कचेरीच्या गृह शाखेत खेळावा लागतो.

सायली त्या वेळी बावीस वर्षांची. वडील प्राथमिक शिक्षक, घर एकत्र, थोरले चुलते शेती बघतात. घरात सगळे त्यांना तात्या म्हणतात. सायली चौदाव्या वर्षापासून आमच्याकडे येते. एअर रायफलवरून ती क्लबच्या पॉइंट टू टूवर आली. एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, क्लबचं पत्र असं सगळं होऊन लोकसभेची आचारसंहिता उठल्यावर तिचा परवाना निघाला. जुलैत दुसऱ्या एका खेळाडूकडून वापरलेली जर्मन रायफल रीतसर परवानगीने तिच्या नावावर झाली. त्यासाठी घरच्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं.

त्याच घरात दुसरी बंदूक आधीपासून होती. तात्यांची ठासणीची, वडिलांपासून चालत आलेली, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. नळीत दारू ठासायची, वर चिंध्यांचा बोळा आणि भाताच्या खाचराकडे डुकरं उतरली की आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. बंदुकीचा उपयोग तेवढाच. रानगवा आला तरी बार हवेतच. गवा संरक्षित प्राणी आहे आणि तात्यांना ते कुणी शिकवावं लागत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ यातलं कलम १३ मी या प्रकरणाआधी कधी नीट वाचलं नव्हतं. त्याच्या पोटकलम ३मध्ये परवाना प्राधिकाऱ्याने परवाना ‘दिलाच पाहिजे’ अशा गरजा सांगितल्या आहेत. त्यात प्रामाणिकपणे पीक राखण्यासाठी लागणारी ठासणीची बंदूक आहे आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी लागणारी पॉइंट टू टू रायफलही आहे. म्हणजे तात्या आणि सायली हे दोघं कायद्याच्या एकाच परिच्छेदात शेजारी शेजारी बसलेले आहेत. हे मला आधी ठाऊक असतं तर पुढचं बरंच वेगळं झालं असतं.

अडचण

१५ ऑक्टोबर २०२४ला महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. मतदान २० नोव्हेंबरला, मतमोजणी २३ला. शनिवारी, १९ तारखेला संध्याकाळी बीट अंमलदार सायलीच्या घरी आले. हातात दोन छापील नोटिसा. मजकूर एकच, फक्त रिकाम्या जागी हाताने नाव आणि परवाना क्रमांक भरलेला. सात दिवसांच्या आत शस्त्र व दारूगोळा पोलीस ठाण्यात जमा करावा, अन्यथा परवान्यावर कारवाई करण्यात येईल.

तात्यांना यात नवं काही नव्हतं. लोकसभेला, विधानसभेला, झेडपीला, ग्रामपंचायतीला, दर वेळी ते बंदूक गोणपाटात गुंडाळून देऊन यायचे आणि निकालानंतर घेऊन यायचे. लोकसभेच्या वेळी तर मार्च ते जून बंदूक ठाण्यातच होती. पण उन्हाळ्यात शेतात राखायला काही नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. या वेळी ऑक्टोबर होता आणि खाचरात भात पिवळं होत होतं.

सायलीसाठी प्रश्न वेगळा होता. डिसेंबरात भोपाळला राष्ट्रीय स्पर्धेतल्या रायफलच्या फेऱ्या होत्या आणि ती पात्र ठरली होती. नव्या रायफलवर तिचे गुण ५६६वरून ५७८पर्यंत आले होते. थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून प्रत्येकी वीस गोळ्या, एकूण ६०० गुण. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या हरभऱ्याएवढं. तिथे गालाची टेकण दोन मिलिमीटर सरकली तरी गोळी दहातून नवात जाते. तीन महिने खपून तिने बट, हुक, गालपट्टी, मागचा डायोप्टर (नेम धरायची बारीक भोकाची साइट) असं सगळं स्वतःच्या अंगाला बसवून घेतलं होतं आणि वहीत प्रत्येक स्क्रूचा आकडा लिहून ठेवला होता.

ही रायफल महिनाभर कुठल्यातरी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहणार, या विचारानेच आमच्या प्रशिक्षकांची झोप उडाली.

कायदा काय म्हणतो, याची शोधाशोध

रविवारी मी आणि क्लबमधले एक वकील सदस्य कागद घेऊन बसलो. इथे थोडं थांबून सांगतो, कारण बहुतेक परवानाधारकांना हे ठाऊक नसतं आणि मलाही नव्हतं.

बंदुकीचा हक्क म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अमेरिका येते. आपल्याकडे तसा मूलभूत हक्क नाही. कराची काँग्रेसच्या १९३१च्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. १८७८च्या शस्त्र कायद्याने केलेला अपमान तेव्हा लोकांच्या मनात ताजा होता. पुढे संविधान सभेत डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामतांनी तो हक्क घालण्यासाठी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. त्यामुळे आपल्याला जे मिळतं ते परवान्यातून मिळतं, आणि परवाना म्हणजे सरकारने एका माणसाकडे बघून, एका माणसाच्या गरजेवर घेतलेला निर्णय. मला यातून एक गोष्ट पटली: जो निर्णय एकेकट्याचा विचार करून दिला, तो काढून घेतानाही एकेकट्याचाच विचार झाला पाहिजे. आमच्या सगळ्या अर्जांचा पाया हाच होता.

हे नुसतं आमचं म्हणणं नाही. उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांविरुद्धच्या एका याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने निवडणुकीच्या काळात सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेण्यावर मर्यादा घातली. त्यानंतर निवडणूक आयोगाने प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती असावी असे निर्देश दिले. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक त्या समितीत असतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सामील असलेले अशा परवानाधारकांची प्रकरणं तिने तपासायची आणि ज्यांची शस्त्रं जमा करणं गरजेचं वाटेल त्यांना नोटीस द्यायची.

सायलीवर गुन्हा नाही. तात्यांवर नाही. दोघांच्या नोटिशीत समितीचा उल्लेखही नव्हता. जिल्ह्याचा मूळ आदेश वकिलांनी मिळवला तेव्हा शेवटच्या पानावर एक ओळ सापडली: मान्यताप्राप्त नेमबाजी संघटनेच्या, स्पर्धेत भाग घेणाऱ्या खेळाडूंना यातून सूट देता येईल. ती ओळ ठाण्यापर्यंत पोचलीच नव्हती.

समोरचे पर्याय

सोमवारी, २१ ऑक्टोबरला क्लबच्या खोलीत बैठक झाली. सायली, तिचे वडील, तात्या, प्रशिक्षक, वकील आणि मी.

प्रशिक्षकांचं म्हणणं सरळ होतं. अर्ज द्या आणि उत्तर येईपर्यंत रायफल देऊ नका. आदेशातच सूट आहे, मग भ्यायचं कशाला? मला ते पटत नव्हतं. नोटिशीची मुदत २५ तारखेला संपत होती आणि ‘सूट देता येईल’ म्हणजे सूट दिली असं होत नाही. मुदत उलटली की कलम १७ खाली परवाना निलंबित करायला कचेरीच्या हातात कारण मिळतं, आणि निलंबित परवान्याची नोंद माणसाच्या फाइलला कायमची चिकटते. बावीस वर्षांच्या मुलीचा पुढचा सगळा खेळ त्या एका नोंदीवर टांगायला मी तयार नव्हतो.

उच्च न्यायालयात जायचा विचारही झाला. तेव्हा कोल्हापूरला सर्किट बेंच नव्हतं. ते १८ ऑगस्ट २०२५ला सुरू झालं. मुंबईला जाणं, वकील, दिवाळीची सुट्टी हे सगळं धरलं तर याचिका ऐकली जाईपर्यंत मतदान होऊन गेलं असतं.

परवानाधारकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका गटाचे कार्यकर्ते एका सदस्याच्या ओळखीचे होते. ते मोर्चाला, निवेदनाला, वर्तमानपत्राला तयार होते. गावातल्या एका बातमीदारानेही फोन केला होता, ‘खेळाडूची रायफल हिसकावली’ असं त्याला छापायचं होतं. हिसकावलेली नव्हती, म्हणून आम्ही नाही म्हणालो. या निर्णयाबद्दल मला आजही शंका नाही. ज्या अंमलदाराने नोटीस आणून दिली, त्याच्याकडे छापील कागदाबाहेर जायचा अधिकारच नव्हता.

शस्त्र ठेवायचं कुठे, हा प्रश्न आम्ही फार पटकन उरकला, आणि तिथेच चुकलो. कलम २१ प्रमाणे शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करता येतं, तसं परवानाधारक विक्रेत्याकडेही करता येतं. विक्रेता साठ किलोमीटरवर होता. महिन्याचं भाडं घेतो, पण कोरडी खोली, रॅक, तेल-पुसणी सगळं नीट. नोटिशीत ‘पोलीस ठाण्यात’ लिहिलंय म्हणून आम्ही पुढे विचारलंच नाही.

मग शेवटचा प्रश्न निघाला. अर्ज एक करायचा की दोन?

तात्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. वकील म्हणाले, दोघांचा एकत्र करू, एकाच कलमातली माणसं आहेत. मी म्हणालो, नको. खेळाडूची बाजू भक्कम आहे, आदेशात ओळ आहे, स्पर्धेचं पत्र आहे. पीक संरक्षणाच्या बंदुका जिल्ह्यात शेकडो. एकाला सूट दिली तर सगळे मागतील या भीतीने समिती दोघांनाही नाही म्हणेल. आधी पोरीचं होऊ द्या, तात्यांचं मग बघू.

तात्या काही बोलले नाहीत. ‘पोरीचं हुदे आधी’ एवढं म्हणून उठले.

काय केलं

मंगळवारी सायलीचा अर्ज गृह शाखेत दिला आणि आवक क्रमांक घेतला. सोबत परवान्याची प्रत, क्लबचं सदस्यत्व, राज्य संघटनेचं पत्र, पात्रतेचे गुण, भोपाळचं वेळापत्रक. अर्जात दोनच गोष्टी मागितल्या: समितीने हे प्रकरण स्वतंत्रपणे बघावं आणि निर्णय लेखी कळवावा. एक प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयात, एक ठाण्यात.

२५ तारखेला सकाळी रायफल जमा केली. मी बरोबर होतो. कारकुनांनी काडतुसांचे डबे टेबलावर मांडले आणि एकेक उघडून पाच-पाचने मोजले. सत्तावीस पूर्ण डबे, प्रत्येकात पन्नास, आणि फोडलेल्या डब्यात सदतीस. एकूण १,३८७. त्यांना तासभर लागला आणि त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही. सायलीने पावतीवर बोल्टसह, डायोप्टरसह असं लिहून घेतलं. ‘अर्जावरील निर्णयाच्या अधीन राहून जमा’ ही ओळही घालून घेतली. तात्यांच्या पावतीवर फक्त ‘शस्त्र – १’ एवढंच होतं.

मुद्देमालाच्या खोलीत रॅक नव्हता. रायफल लाठ्यांच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. वरच्या कोपऱ्यात भिंतीला ओल होती, परतीच्या पावसाची. सायलीने ती बघितली. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘सर, नळीच्या तोंडाला कापड बांधायला हवं होतं.’ आम्ही परत आत गेलो. खोलीला कुलूप लागलं होतं आणि किल्ली सोमवारशिवाय मिळणार नव्हती.

तिथून दिवाळी. वसुबारस २८ला, भाऊबीज ३ नोव्हेंबरला. कचेरीत कुणी भेटेना. त्या दिवसांत सायली क्लबच्या रायफलवर सराव करत होती. ही रायफल तिने आधी वापरलेली, पण आता अंगाला परकी झालेली. आडवं पडून ठीक चाललं. गुडघ्यावर बसली की त्रास. घोट्याखाली रोल ठेवायची, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायची, आणि मान एक बोटभर पुढे न्यावी लागायची, कारण या बटाची लांबी तिला आता कमी पडत होती. आठ-दहा गोळ्यांनंतर ती थांबून वहीत लिहायची. मी एकदा डोकावलं. ‘मानेने शोधतेय, डोळ्याने नाही’ असं लिहिलं होतं.

५ नोव्हेंबरपासून मी रोज कचेरीत जाऊ लागलो. अर्ज फाइलला लागला होता, पण समितीची बैठक ठरली नव्हती. एका कर्मचाऱ्याने मनापासून सांगितलं, ‘साहेब, तुमचा एकच अर्ज आलाय. एका अर्जासाठी बैठक कोण लावणार?’ त्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. मी वेगळं ठेवलं म्हणून अर्ज एकटा पडला होता.

११ नोव्हेंबरला बैठक झाली. १३ला आदेश निघाला: स्पर्धक खेळाडू म्हणून सूट मंजूर, शस्त्र परत द्यावं. १४ला रायफल हातात आली, जमा केल्यापासून वीस दिवसांनी.

मधल्या काळात, ६ तारखेच्या रात्री, तात्यांच्या खाचरात डुकरांचा कळप उतरला. तात्या आणि दोन गडी पत्र्याचे डबे वाजवत राहिले, फटाक्यांची उरलेली माळ लावली. पहाटेपर्यंत ओढ्याकडचा अर्धा तुकडा नांगरल्यासारखा झाला होता. दुसऱ्या दिवशी वनविभागाचा पंचनामा झाला.

निकाल

रायफलच्या नळीवर, पुढच्या साइटच्या खाली, तांबूस बुरा आला होता. घासल्यावर गेला. डायोप्टर सरकलेला होता. कुणी मुद्दाम हलवला असं नाही, उचल-ठेवीत झालं. वहीतल्या आकड्यांवरून जुळणी पुन्हा केली, पण गोळ्या पूर्वीसारख्या एका जागी पडायला दहा दिवस गेले. काडतुसं १,३८७ची १,३८७ मिळाली.

भोपाळला सायलीने ५६९ मारले. आडवं पडून आणि उभं राहून ती तिच्या नेहमीच्या आसपास होती. गुण गेले ते गुडघ्यावर. याचा सगळा दोष वीस दिवसांना देणं बरोबर नाही. पहिली मोठी स्पर्धा होती, हात थंड पडले होते, वारा ओळखायला ती कमी पडली. पण गुडघ्यावरच्या पोझिशनला सातत्य लागतं आणि ते मधेच तुटलं होतं, एवढं मी तिच्या प्रशिक्षकांइतक्याच खात्रीने म्हणू शकतो.

तात्यांची बंदूक निकालानंतर, २ डिसेंबरला परत मिळाली. तोवर भात घरात आलं होतं, जेवढं उरलं तेवढं. नुकसानभरपाईचा काही भाग नंतर आला. क्लबच्या दिवाळी फराळाला ते आले नव्हते, म्हणून मीच त्यांच्याकडे गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, ‘पोरीची बंदूक कागदाला भोकं पाडती, ती सुटली. माझी डुकरं हाकलती, ती अडकून पडली. म्हंजे कागुद पिकापरास म्होट्ठा व्हय?’

मला उत्तर देता आलं नाही. बैठकीत त्यांना बाजूला ठेवणारा मीच होतो.

पुन्हा करायचं झालं तर

रायफल मुदतीत जमा करणं, हा निर्णय मी पुन्हाही तसाच घेईन. तिचा परवाना स्वच्छ राहिला आणि समितीसमोर ‘नियम पाळून मागतेय’ ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू ठरली. प्रशिक्षक आजही माझ्याशी यावर वाद घालतात, तो त्यांचा हक्क आहे.

पण जमा कुठे करायचं, हे पहिल्याच दिवशी लेखी विचारायला हवं होतं. विक्रेत्याकडे ठेवू का, एवढा एक ओळीचा अर्ज. भाड्याचे पैसे रायफलच्या नळीपुढे काहीच नव्हेत. आणि ठाण्यातच ठेवायचं असेल तर नळीला तेल, दोन्ही तोंडांना कापड, डायोप्टर काढून वेगळ्या डबीत आणि त्या डबीची पावतीवर नोंद. हे आम्ही नोटिशीच्या घाईत विसरलो.

दुसरं, अर्ज नोटीस येण्याआधी द्यायला हवा होता. निवडणूक कधी येणार हे साऱ्या जगाला ठाऊक असतं. आचारसंहिता लागल्यावर कचेरीतल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्याच वेळी आपण त्याच्या टेबलावर पंचवीस पानं ठेवतो.

तिसरं आणि मला सगळ्यात जास्त लागलेलं म्हणजे अर्ज वेगळे ठेवणं. माझा हिशेब असा होता की खेळाडूची बाजू तात्यांच्या ओझ्याने बुडेल. प्रत्यक्षात समितीला बैठक लावायला पुरेसे अर्जच नव्हते. शेतकऱ्यांचे दहा-वीस अर्ज एकाच दिवशी आवक झाले असते तर बैठक दिवाळीआधी झाली असती, असं त्या कर्मचाऱ्याचंच मत पडलं. आणि त्या अर्जांचा आधार सायलीच्या आधाराइतकाच पक्का होता, एकाच पोटकलमातला. आम्ही नेमबाज मंडळी स्वतःला ‘खेळाडू’ म्हणवून बंदुकीच्या प्रश्नापासून थोडं लांब उभं राहतो. ठासणीच्या बंदुकीबरोबर आपलं नाव आलं तर आपला खेळ मळेल अशी एक भीती असते. माझ्या मनात ती होती, हे मी आता कबूल करतो.

२०२५च्या पावसाळ्यात आम्ही प्रत्येक परवानाधारक सदस्याची एक फाइल केली: परवाना, ओळख क्रमांक, वर्षाचं स्पर्धेचं वेळापत्रक, गुण, विक्रेत्याचं संमतीपत्र. गावोगावच्या पीक संरक्षण परवानाधारकांनाही क्लबवर बोलावलं. अठरा जण आले. त्यांच्यासाठी सातबारा, ग्रामपंचायतीचं पत्र आणि आधीच्या नुकसानीचे पंचनामे असा संच केला. सगळे अर्ज सप्टेंबरात एकाच दिवशी आवक केले.

४ नोव्हेंबर २०२५ला नगरपालिकांच्या निवडणुका जाहीर झाल्या, मतदान २ डिसेंबरला. नोटिसा पुन्हा तालुकाभर निघाल्या, पण या वेळी समिती आठवड्यात बसली. क्लबच्या पाच खेळाडूंपैकी चौघांना शस्त्र जमा न करण्याची सूट मिळाली. पाचव्यावर बांधाच्या भांडणातून गुन्हा होता आणि तो जामिनावर होता. त्याचा अर्ज नामंजूर झाला. त्याने क्लबने विरोध करावा असा आग्रह धरला. आम्ही केला नाही. एकेकट्याचा विचार करा असं आपणच मागितलं होतं, आणि तो विचार त्याच्या बाबतीत झाला होता. तो क्लब सोडून गेला. चांगला नेमबाज होता, मला वाईट वाटलं.

अठरा शेतकऱ्यांपैकी अकरा जणांच्या अर्जावर शेरा आला: पीक काढणी होईपर्यंत शस्त्र जमा करून घेऊ नये, त्यानंतर तीन दिवसांत जमा करावं. उरलेल्या सात जणांचे अर्ज कारण न देता नामंजूर झाले. त्या सातांची कारणं आम्ही माहितीच्या अधिकारात मागितली आहेत, उत्तर यायचं आहे.

तात्या अकरांमध्ये होते. त्यांचं भात १६ नोव्हेंबरला निघालं. १८ला ते बंदूक घेऊन ठाण्यात गेले, मीही गेलो. त्यांनी नळीला खोबरेल चोळून आणलं होतं आणि तोंडाला सायलीच्या जुन्या शूटिंग जॅकेटच्या कापडाची टोपी शिवून घातली होती. कारकुनांनी पावती लिहिली. तात्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि परत पुढे केली. म्हणाले, ‘नुसतं शस्त्र एक नको. ठासणीची, एकनळी, नंबर हाय तिच्यावर, त्यो घाला.’ कारकुनांनी बंदूक उजेडाकडे फिरवली, झिजलेला नंबर बोटाने चाचपून वाचला आणि पावतीवर लिहिला.